शुगर नाही, तरी किडनीवाल्या डॉक्टरांनी शुगरची गोळी का लिहिली?

"अगं, माझी एचबीएवनसी तूच काढलीस ना, ५.६ आली, मग ही शुगरची गोळी माझ्या चिठ्ठीत कशी? दुसऱ्या कोणाची चिठ्ठी तर नाही ना माझ्या फाइलीत आली?" पाचपाखाडीच्या एका काकांनी काउंटरवर असं विचारलं (एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ५.६ म्हणजे डायबिटीस नाही), आणि असं विचारणारे ते काही एकटे नाहीत. मी नौपाड्यात एका लॅबमध्ये आहे, सकाळी काउंटरला सॅम्पल घ्यायची आणि मग आत मशीनवर. डॉक्टर नाही, त्यामुळे अमुक गोळी घ्या आणि तमुक बंद करा असलं काही इथे मिळणार नाही, पण ही गोळी का देतात हे मात्र कोणालाही कळेल असं आहे, फक्त त्यासाठी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या काय करतात ते आधी बघावं लागतं.

काका म्हणत होते ती गोळी एम्पाग्लिफ्लोझिन. मार्च २०२५ मध्ये भारतात तिचं पेटंट संपलं आणि साठेक रुपयांना मिळणारी एक गोळी एकदम पाच-दहा रुपयांवर आली. तिची बहीण म्हणता येईल अशी डापाग्लिफ्लोझिन तर २०२० पासूनच स्वस्त झालीय. त्यामुळे आता ही दोन्ही नावं बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतात आणि शुगर नसलेल्या माणसाने गूगल केलं की पहिलं काय दिसतं तर डायबिटीसचं औषध. घाबरणारच की.

किडनीत रक्त येतं किती आणि जातं कुठून

दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का पण नाही. पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं २० ते २५ टक्के या दोघींकडे जातं, मिनिटाला लिटरभर तरी. एवढं रक्त त्यांना स्वतःला जगायला लागतं म्हणून नाही, ते गाळायचं असतं म्हणून.

गाळायचं काम करणारा जो एकेक छोटा भाग असतो त्याला नेफ्रॉन म्हणतात, एका किडनीत असे साधारण १० लाख (माणसामाणसात बराच फरक असतो, जन्माच्या वेळी वजन कमी असलेल्या बाळांमध्ये ते कमी असतात आणि नंतर नवीन तयार होत नाहीत, हे लक्षात ठेवा). नेफ्रॉनच्या सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. केशवाहिनी म्हणजे शरीरातली सगळ्यात बारीक रक्तवाहिनी, इतकी बारीक की लाल पेशी एकामागे एक अशा रांगेने जातात, कधी कधी तर अंग चोरून. या गुच्छातून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी, मीठ, साखर, युरिया असं सगळं गाळून पुढच्या नळीत पडतं. लघवी आपण करतो दीड-दोन लिटर. म्हणजे बाकीचं सगळं त्या नळीने परत घेतलेलं असतं.

परत घेतलेलं जातं कुठे? त्या नळीला बाहेरून वेढून केशवाहिन्यांचं दुसरं एक जाळं असतं, त्यात. इथे किडनीचं वेगळेपण आहे आणि सगळा लेख त्याच्यावर उभा आहे. बाकी शरीरात बहुतेक ठिकाणी रक्त एकदाच केशवाहिन्यांतून जातं आणि शिरेला लागतं, किडनीत मात्र ते आधी गुच्छातून जातं, मग एका छोट्या धमनीतून बाहेर पडतं आणि तेच रक्त पुढे नळीभोवतीच्या जाळ्यात जातं. दोन्ही एकाच लाइनवर. वरचा गुच्छ बंद पडला की खालच्या जाळ्याचं रक्त आपोआप कमी होतं.

आता "क्रॉनिक किडनी डिसीज", ज्याला सगळे सीकेडी म्हणतात, ते म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ किडनीचं काम कमी राहणं किंवा लघवीतून प्रोटीन जाण्यासारखी इजेची खूण दिसत राहणं. कारणं बरीच आहेत, डायबिटीस, बीपी, स्टोन, आनुवंशिक, सारखं होणारं इन्फेक्शन. पण सुरुवात कशानेही झालेली असो, पुढे जाऊन बहुतेकांची वाट एकच होते, बारीक रक्तवाहिन्या आक्रसत जातात आणि त्यांच्या जागी व्रणासारखा घट्ट तंतू भरतो. हे काही परवा कळलेलं नाही. विल्यम गल आणि हेन्री सटन या लंडनच्या दोन डॉक्टरांनी १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं की आक्रसलेल्या किडनीत मूळ बिघाड बारीक धमन्या आणि केशवाहिन्यांचा दिसतो आणि तो फक्त किडनीपुरता नसतो, सगळ्या शरीराचा असतो.

गुच्छात काय बिघडतं

गुच्छातून गाळायला दाब लागतो, म्हणून तिथला दाब बाकी शरीरातल्या केशवाहिन्यांच्या दुपटीच्या आसपास असतो. तो सांभाळायला गुच्छाच्या आत येणारी एक छोटी धमनी आणि बाहेर जाणारी एक छोटी धमनी अशी सोय आहे. आत येणारी थोडी आवळली की दाब कमी, बाहेर जाणारी आवळली की दाब जास्त. एवढं लक्षात ठेवा, गोळ्यांचं सगळं गणित इथेच आहे.

डायबिटीसमध्ये आत येणारी धमनी सैल पडते आणि गुच्छावर दाब वाढतो. गंमत म्हणजे सुरुवातीला त्यामुळे गाळण जास्त होतं, रिपोर्ट बघितला तर किडनी एकदम झकास दिसते, आणि आतमध्ये गुच्छ झिजत असतो. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असेल तर त्याच छोट्या धमनीची भिंत जाड आणि कडक होते, मग काही गुच्छांना रक्तच पुरत नाही आणि ते मरतात. मेलेल्यांचं काम उरलेल्यांवर पडतं. उरलेले जास्त दाबाने काम करतात, जास्त झिजतात, त्यातले आणखी काही मरतात. बॅरी ब्रेनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८२ मध्ये हे नीट मांडलं, आणि म्हणूनच मूळ कारण आटोक्यात आल्यावरही किडनीचा आजार स्वतःच्याच जोरावर पुढे सरकत राहू शकतो.

गुच्छ झिजला की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन, जे एरवी रक्तातच राहतं, ते लघवीत सांडायला लागतं. लघवीला फेस येतो म्हणतात ते यामुळे असू शकतं. असू शकतं म्हटलंय हं, जोरात धार पडली तरी फेस येतो, लगेच घाबरून लॅबमध्ये पळत येऊ नका (आलात तर आम्ही नाही म्हणणार नाही).

नळीभोवतीच्या जाळ्यात काय बिघडतं

याच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. किडनी म्हटलं की फिल्टर, फिल्टर म्हटलं की गुच्छ, तिथेच सगळे थांबतात. पण १९६० च्या दशकातच बायोप्सी बघणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की किडनीचं काम किती उरलंय याचा अंदाज गुच्छांकडे बघून जेवढा येतो त्यापेक्षा नळ्या आणि त्यांच्या मधली जागा किती खराब झालीय ते बघून जास्त चांगला येतो.

नळीच्या पेशी दिवसरात्र मीठ परत खेचायचं काम करतात, पंप चालवून. त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि तो येतो या जाळ्यातूनच. आता या जाळ्याजवळ जाऊन बघा. नळीची पेशी, तिला लागून एक पातळ पडदा, मग अगदी थोडीशी मोकळी जागा आणि लगेच केशवाहिनी, जिच्या भिंतीला बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी हातपाय पसरून चिकटलेल्या असतात आणि ती भिंत सांभाळतात. नळीची पेशी व्हीईजीएफ नावाचं एक रसायन सोडत राहते, तेवढ्यावर ती केशवाहिनी टिकून असते. म्हणजे देणं-घेणं दोन्हीकडून आहे. नळीच्या पेशीला इजा झाली, समजा लघवीत सांडणाऱ्या प्रोटीनच्या माऱ्याने, की तिचं ते रसायन कमी होतं. पेरिसाइट भिंत सोडून निघतात आणि मधल्या मोकळ्या जागेत जाऊन तंतू विणणाऱ्या पेशी बनतात. आधार गेलेली केशवाहिनी मिटते. जागा तंतूंनी भरल्यामुळे जी केशवाहिनी उरलीय तिच्यापासून नळीपर्यंत ऑक्सिजनला आणखी लांब जावं लागतं, त्यात नळीची पेशी आणखी उपाशी, मग आणखी तंतू. १९९८ मध्ये लिऑन फाइन आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं की ऑक्सिजनची ही दीर्घकाळची टंचाईच किडनीचा आजार पुढे ढकलते.

त्यातून किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन आधीच बेताचा असतो. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब १०० च्या जवळ, किडनीच्या बाहेरच्या थरात ५० च्या आसपास आणि आतल्या भागात १० ते २०, हे सगळं एकदम ठणठणीत माणसात. हातावर पोट असल्यासारखं आहे ते, एक दिवस कमी पडलं तरी झळ लागते.

"पण डॉप्लर केला, किडनीच्या धमन्या मोकळ्या आहेत म्हणाले"

चांगलंच आहे, पण डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मोठ्या धमन्या दिसतात. घोडबंदर रोड डोळ्यासमोर आणा, मेन रोड मोकळा आहे, कंटेनर गुजरातकडे सुसाट चाललेत, पण कासारवडवलीला तुमच्या सोसायटीकडे वळणारी गल्ली खोदून ठेवलीय, तर गॅसचा सिलिंडर घरी येणार का? आणि मग मेन रोड आणखी दोन लेन रुंद केला म्हणून तरी येणार का?

हे नुसतं बोलायला नाही. वय झालेल्यांमध्ये किडनीची मोठी धमनी चरबीमुळे अरुंद झालेली असते, तिथे स्टेंट टाकून ती मोकळी केली तर किडनी वाचेल असं बरीच वर्षं वाटायचं, आणि वाटणं साहजिकच होतं. मग त्याच्यावर मोठ्या चाचण्या झाल्या, २००९ मध्ये आलेली अ‍ॅस्ट्रल, आठशेच्या वर पेशंट, आणि २०१४ ची कोरल, नऊशेच्या वर. दोन्हीत, नीट औषधं घेणाऱ्यांपेक्षा स्टेंट टाकलेल्यांना किडनीच्या बाबतीत विशेष फायदा झाला नाही. काही ठराविक पेशंटना स्टेंट लागतोच, ते डॉक्टर ठरवतात, पण मोठा पाइप उघडला तरी पुढचं बारीक जाळं आधीच मिटलेलं असेल तर रक्त जाणार कुठे.

"क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग झालं"

हे वाक्य मी रोज ऐकते. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते, साठला तर रक्तात वाढतो. पण राखीव क्षमता इतकी असते की निम्म्याच्या आसपास गाळण गेलं तरी आकडा नॉर्मलच्या चौकटीत बसलेला असू शकतो. शिवाय तो स्नायूंवर अवलंबून. रिपोर्टवर १.१ आलाय समजा. ३० वर्षांच्या पुरुषाचा असेल तर त्यावरून काढलेलं गाळण, ज्याला ईजीएफआर म्हणतात, ते ९० च्या वर येतं, म्हणजे उत्तम. आणि ७० वर्षांच्या आजींचा तोच १.१ असेल तर येतं ५४ च्या आसपास, आणि ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर त्याला सीकेडी म्हणतात. आकडा तोच. आजी रिपोर्ट घेऊन खुशीत घरी जातात कारण समोर लाल अक्षरात काही छापलेलं नसतं. म्हणून क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर छापलाय का ते बघा, नसेल तर वय आणि आकडा देऊन काढून मागा.

पण बारीक रक्तवाहिन्यांचा बिघाड बऱ्याचदा ईजीएफआरच्याही आधी सांगणारी तपासणी वेगळी आहे आणि ती सगळ्यात कमी लोक करतात. युरिन एसीआर, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन भागिले क्रिएटिनिन. भागाकार अशासाठी की कोणी तीन ग्लास पाणी पिऊन येतं, कोणी कोरडं येतं, लघवी पातळ-घट्ट होते पण भागाकाराला फरक पडत नाही. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गुच्छ गळायला लागलाय, ३०० च्या वर म्हणजे बरंच गळतंय.

साधी युरिन रुटीन केली होती, त्यात प्रोटीन निल आहे, असं म्हणणारे पण असतात. त्या पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन पिवळा असतो, प्रोटीन असलं की हिरवट होतो, आणि तो हिरवट व्हायला बऱ्यापैकी प्रोटीन लागतं. सुरुवातीचं थोडंसं अल्ब्युमिन त्या चौकोनाला कळतच नाही. म्हणून निल आलं तरी डायबिटीस किंवा बीपी असलेल्याने एसीआर वेगळी करायची. सकाळची पहिली लघवी आणलीत तर बरं, आणि कृपा करून लॅबमधून दिलेल्या डबीत आणा, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत नको.

डोळ्यांचाही इथे संबंध आहे. कापाकापी न करता बारीक रक्तवाहिन्या डोळ्यांनी थेट बघता येतात अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. डायबिटीसवाल्याला डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर बदल आहेत सांगितलं तर ती बातमी चष्म्याच्या नंबरपुरती नसते, लघवीची तपासणी पण करून घ्यायची.

मग शुगरची गोळी करते काय

गाळून आलेली साखर नळीच्या सुरुवातीलाच परत घेतली जाते आणि सोबत मीठही घेतलं जातं. ही गोळी तो रस्ता बंद करते, साखर लघवीतून निघून जाते, म्हणून डायबिटीससाठी आली. (अशा प्रकारचं पहिलं रसायन १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलं होतं, आता कोणी काढा करून विकायला लागलं नाही म्हणजे मिळवली.) पण त्यातून एक झालं, मीठ नळीत पुढे जास्त जायला लागलं. पुढे नळीच्या वाटेत मीठ मोजणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्यांना वाटतं गाळण फारच जास्त होतंय, आणि त्या गुच्छाच्या आत येणाऱ्या धमनीला आवळायला सांगतात. दाब उतरतो. शिवाय नळीच्या सुरुवातीच्या भागाचं खेचायचं काम थोडं हलकं झालं म्हणजे तिथे ऑक्सिजनची गरजही कमी. गुच्छ आणि जाळं दोघांनाही थोडी उसंत.

हे कागदावर ठीक, माणसात काय? २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत ४,३०४ पेशंट होते, जवळपास एक तृतीयांश लोकांना डायबिटीस नव्हता. किडनी बरीच घसरणं, निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२२ च्या एम्पा-किडनीत ६,६०९ पेशंट आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना डायबिटीस नव्हता, तिथे असाच धोका २८ टक्क्यांनी कमी. म्हणून काकांच्या चिठ्ठीत गोळी आहे, आणि चिठ्ठी त्यांचीच आहे.

शुगर नसलेल्याची शुगर एकदम खाली जाईल का? नुसत्या या गोळीने सहसा नाही, शुगर कमी असली की गाळून येणारी साखरही कमी असते. त्रास असतात, गुप्तांगाला फंगल इन्फेक्शन होतं काहींना. आणि उलट्या-जुलाब, ऑपरेशन किंवा कडक उपवास असेल तर गोळी काही दिवस थांबवावी लागते कारण क्वचित रक्तात आम्ल वाढतं. नवरात्राचे नऊ दिवस धरणार असाल तर आधी फोन करून विचारा.

बीपीच्या ज्या गोळ्या किडनीसाठी देतात, नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या, त्या उलट्या टोकाला काम करतात, बाहेर जाणारी धमनी सैल करतात. दाब तिकडूनही उतरतो. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिलवर हे सिद्ध झालं, तेव्हापासून त्या आहेत. म्हणून बीपी १२० असलं तरी प्रोटीन जात असेल तर डॉक्टर ती गोळी देतात, बीपी नॉर्मल आहे मग कशाला असं म्हणून स्वतःच बंद करणारे खूप बघितलेत.

"गोळी सुरू केली आणि क्रिएटिनिन उलट वाढलं!"

वाढतं. यावरून लोक गोळ्या सोडतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. गुच्छाचा दाब उतरवला म्हणजे गाळण थोडं कमी होणारच, तेच तर करायचं होतं. सार्टन-प्रिलवर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून तिथेच थांबलं तर बहुतेकदा डॉक्टर गोळी चालू ठेवतात, म्हणजे १.५ चं १.८ झालं तर आकाश कोसळलेलं नाही. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर मात्र शोध घ्यायचा. दोन आठवड्यांनी परत या म्हणतात ते यासाठीच, लॅबचं बिल वाढवायला नाही.

पेनकिलर आणि पावसाळा

अंगातलं पाणी कमी झालं की शरीर रक्तवाहिन्या आवळतं. तेव्हा गुच्छाच्या आत येणारी धमनी उघडी ठेवायला किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा पेनकिलर तीच बंद पाडतात. म्हणजे जुलाब झालेत, तापाने अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणली, बीपीची सार्टन चालू आहे, पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी पण चालू आहे, ही सगळी एकत्र आली की दोन दिवसांत क्रिएटिनिन कुठल्या कुठे जातं. गुडघेदुखीवाल्या आज्यांनो, तुमच्याबद्दलच बोलतेय.

आणि पावसाळा आला की आमच्याकडे लेप्टो, डेंग्यू, मलेरियाचे रिपोर्ट सुरू होतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली होती, तो आजार किडनीवर जातो. बहुतेकांची किडनी सावरते, क्रिएटिनिन खाली येतं, घरचे पेढे वाटतात. पण २००१ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात दिसलं की किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून परत सुरू केला तर नळ्या बऱ्या होतात, क्रिएटिनिन सुधारतं, पण नळीभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या बऱ्याच कमी झालेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. माणसातही तीव्र इजेतून उठलेल्यांना पुढे सीकेडीचा धोका जास्त असतो हे आता पक्कं आहे. म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावर तीन महिन्यांनी आणि मग वर्षाला एकदा तपासणी करायची, पेढे वाटून झाले तरी.

"नवीन रक्तवाहिन्या उगवायचं औषध नाही का?"

नाही, अजून तरी नाही, आणि कोणी विकत असेल तर पाकीट सांभाळा. व्हीईजीएफ बाहेरून दिलं की झालं असं वाटतं, प्राण्यांमध्ये तसे प्रयोगही झालेत, पण हे रसायन जास्त झालं तरी गुच्छ बिघडतो आणि कमी झालं तरी. कमी झालं तर काय होतं ते दोन ठिकाणी दिसतं. कॅन्सरची काही औषधं व्हीईजीएफ अडवतात, त्या पेशंटचं बीपी वाढतं आणि लघवीतून प्रोटीन जातं. आणि गरोदरपणातला प्रीएक्लॅम्प्सिया, ज्यात वार (प्लॅसेंटा) एक प्रोटीन सोडते आणि ते व्हीईजीएफला पकडून ठेवतं, तिथेही बीपी आणि प्रोटीन. बाळंतपणानंतर ते जातं, पण अशा बायकांना पुढे आयुष्यात किडनीच्या आजाराचा धोका जास्त राहतो, आणि बाळंतपण होऊन गेलं की बाळाचीच ट्रीटमेंट होते, आईची लघवी कोण तपासतंय.

हिमोग्लोबिनचं पण इथेच येतं. लाल पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन याच जाळ्याच्या शेजारच्या पेशी बनवतात. त्या तंतू विणायला लागल्या की हार्मोन कमी, म्हणून किडनीवाल्यांचं हिमोग्लोबिन बीट-खजूर कितीही खाल्लं तरी चढत नाही (आणि पोटॅशियम वाढलेलं असेल तर बीट-खजूर नकोच). पेशींना ऑक्सिजन कमी पडलाय हे कळतं कसं, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं आणि त्याच्यावर बेतलेली डेसिडुस्टॅट ही गोळी २०२२ पासून भारतात आहे, हिमोग्लोबिनसाठी. ती मिटलेल्या केशवाहिन्या उघडत नाही.

"जास्त पाणी प्यायलं की किडनी धुऊन निघते ना?"

स्टोन होणाऱ्यांना पाण्याचा फायदा आहे. पण सीकेडीसाठी कॅनडात ६३१ लोकांवर एक वर्ष हे करून बघितलं, निम्म्यांना जास्त पाणी प्यायला लावलं, २०१८ मध्ये निकाल आला, किडनीची घसरण काही थांबली नाही. तहान लागेल तेवढं प्या, उन्हात काम असेल तर जास्त, आणि सूज असेल किंवा डॉक्टरांनी मोजून दिलं असेल तर मोजूनच. सिगारेट सोडली तर बारीक रक्तवाहिन्यांचं जे भलं होईल ते चार हंडे पाण्याने होणार नाही. आणि कोणाकडून आणलेली बिनलेबलची भस्मं नकोत, त्यात शिसं-पारा सापडलेला आहे.

एसीआर कोणी करावी आणि वाढली तर

डायबिटीस, बीपी, हृदयाचा त्रास, घरात कोणाला डायलिसिस, प्रीएक्लॅम्प्सिया झालेली बाई, आधी किडनीला इजा होऊन सावरलेले, यांनी वर्षातून एकदा ईजीएफआर आणि एसीआर. टाइप २ डायबिटीस असेल तर ज्या दिवशी निदान झालं त्या दिवसापासून, कारण तो आधीच काही वर्षं अंगात असतो.

एकदा ४५ आली म्हणून लगेच किडनीचा पेशंट झालात असं नाही. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, आदल्या दिवशीचा भरपूर व्यायाम, कशानेही ती तात्पुरती वाढते. रविवारी मॅरेथॉन पळून सोमवारी सकाळी उत्साहाने फुल बॉडी चेकअपला येणारे असतात, त्यांची हमखास वाढलेली निघते. तीन ते सहा महिन्यांत तीनदा करायची, त्यात दोनदा वाढलेली आली तर खरी धरायची, आणि पुढच्या वेळी येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत आणायची, मेडिकलमधून आपल्या मनाने घेतलेल्या धरून.